एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले

प्रश्न : माझं बचत खातं कराडमध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. ३ तारखेला संध्याकाळी मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची म्हणून एसटी स्टँडजवळच्या एटीएममध्ये दहा हजार काढायला गेले. ते मशीन दुसऱ्या बँकेचं होतं. आत नोटा मोजल्यासारखा खडखडाट झाला, पण झडप काही उघडली नाही. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि कार्ड बाहेर आलं. पैसे नाहीत, पावती नाही. बाहेर पडते तोच दहा हजार वजा झाल्याचा मेसेज. दुसऱ्या दिवशी माझ्या शाखेत गेले तर म्हणाले, ‘आपोआप येतील, आठवडाभर थांबा.’ आठवड्याने गेले तर कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले, ‘त्या बँकेने ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल दाखवलंय, आता त्यांनाच विचारा.’ त्यांच्याकडे गेले तर, ‘तुमचं खातं आमच्याकडे नाही.’ मिस्टर म्हणतात, सोडून दे, बँकेशी भांडून कोण जिंकलंय. शेजारच्या मुलाने नेटवरून त्या बँकेच्या कस्टमर केअरचा नंबर शोधून दिलाय, त्यावर फोन करू का? आज २९ तारीख. मला खरंच पैसे मिळालेले नाहीत हो. पण मी ते सिद्ध कसं करू?
— एक अंगणवाडी सेविका, कराड

उत्तर :

ताई,

आधी त्या फोन नंबरचं सांगते. तो फिरवू नका. बँकेच्या नावाने नेटवर टाकलेले असे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. एटीएमच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेले स्टिकरसुद्धा. समोरचा गोड बोलतो, ‘मॅडम, तुमचे दहा हजार रिफंडला लागलेत’ म्हणतो, आणि मग कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी मागतो, नाहीतर तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असं एखादं ॲप टाकायला लावतो. पैसे अडकलेला माणूस घायकुतीला आलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खात्यात पैसे जमा व्हायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुठलं ॲपही लागत नाही. तुमच्या बँकेचा खरा नंबर कार्डाच्या पाठीमागे छापलेला आहे, तेवढाच वापरा. पत्र पाठवल्यानंतर तो फोन झालाच असेल आणि काही सांगून बसला असाल, तर बाकीचं नंतर वाचा. आत्ता कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सिद्ध कसं करू? ताई, पैसे मिळाले नाहीत याचा पुरावा तुमच्याजवळ कुठून असणार? तो तुम्ही आणायचाही नाही. पुरावा आहे, पण तो त्या मशीनमध्ये आहे आणि मशीन ज्यांचं आहे त्या बँकेच्या दप्तरात आहे. तुम्हाला तो नेमक्या शब्दांत, लेखी मागायचाय. मी नोकरीतली बरीच वर्षं बँकेच्या एटीएम रिकन्सिलिएशन विभागात, म्हणजे मशीनचा हिशेब जुळवण्याच्या कामात काढली. तिथून जे दिसतं ते काउंटरवर बसलेल्या माणसालाही सहसा दिसत नाही. म्हणून तुम्हाला जरा आत घेऊन जाते.

मशीनच्या खालच्या अंगाला तिजोरी असते आणि तिजोरीत नोटांच्या पेट्या. आम्ही त्यांना कॅसेट म्हणतो. एका कॅसेटमध्ये एकाच किमतीच्या नोटा. तुम्ही दहा हजारांचा आकडा दाबलात की मशीन तुमच्या बँकेला विचारतं, तुमची बँक शिल्लक बघते, दहा हजार खात्यातून वजा करते आणि मग ‘द्या’ असा निरोप मशीनला येतो. म्हणजे पैसे खात्यातून आधी जातात आणि मशीनमधून नंतर येतात. सगळी भानगड या मधल्या काही सेकंदांतली आहे. पाचशेच्या वीस नोटा एकेक करून कॅसेटमधून ओढल्या जातात, पट्ट्यावरून पुढे सरकतात. वाटेत सेन्सर जाडी तपासतो. दोन नोटा चिकटून आल्या किंवा नोट दुमडलेली निघाली तर ती वेगळ्या डब्यात पडते. तो रिजेक्ट बिन. तुम्ही ऐकलात तो खडखडाट याच कामाचा. शेवटी गड्डी झडपेशी येते आणि झडप उघडते. तिथवर पोचण्याआधी नोट अडकली, वीज गेली किंवा लाइन तुटली, तर व्यवहार अर्ध्यावर राहतो. अशा वेळी ‘पैसे दिले नाहीत’ असा उलटा निरोप मशीनकडून जायला हवा. त्याला रिव्हर्सल म्हणतात. बहुतेक वेळा तो जातो आणि पैसे थोड्याच वेळात खात्यात परत दिसतात. शाखेतल्या माणसाने ‘आपोआप येतील’ म्हटलं ते याच अनुभवावरून. तुमच्या बाबतीत तो निरोप निघालाच नाही, किंवा वाटेत हरवला, असं दिसतंय.

पण निरोप हरवला तरी मशीनची रोजनिशी हरवत नाही. प्रत्येक एटीएम आपण काय काय केलं ते सेकंदासेकंदाला लिहून ठेवतं. त्याला इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात, बँकेतले लोक नुसतं ‘ईजे’ म्हणतात. कार्ड आत घेतलं, पिन टाकला, अमुक रक्कम मागितली, इथपासून त्यात ओळी असतात. पैसे नीट गेले असतील तर ‘नोट्स प्रेझेंटेड ०,२०,०,०’ अशी ओळ सापडते. चार आकडे चार कॅसेटचे. दुसऱ्या कॅसेटमधून वीस नोटा झडपेबाहेर धरल्या, असा त्याचा अर्थ. त्याखाली ‘नोट्स टेकन’, म्हणजे ग्राहकाने त्या उचलल्या. मशीन बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे होतात. नोटा अडकल्या असतील तर तिथे या ओळींऐवजी एररचा कोड असतो. तुमच्या त्या दोन-तीन मिनिटांचा ईजेचा तुकडा पाहिल्याशिवाय ‘सक्सेसफुल’ म्हणण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरा पुरावा त्याहून भक्कम आहे, तो म्हणजे रोकड. एटीएममध्ये पैसे भरायला गाडी येते तेव्हा कॅसेटमध्ये उरलेल्या नोटा आणि रिजेक्ट बिनमधल्या नोटा मोजतात. मशीनचे स्वतःचे आकडे आणि बँकेच्या सिस्टीममधले आकडे यांच्याशी ती मोजणी ताडून बघतात. तुमच्या वीस नोटा आतच राहिल्या असतील तर त्या मोजणीत दहा हजार जास्त निघणार, त्याला पर्याय नाही. अशी जास्तीची रक्कम वेगळ्या खात्यावर टाकून ठेवतात आणि तिच्यावर हक्क सांगणारी तक्रार येण्याची वाट बघतात. मला हे फार ठासून सांगायचंय, कारण लोक ‘पैसे बुडाले’ म्हणून घरी बसतात. पैसे बुडत नाहीत. कुठल्या तरी रजिस्टरमध्ये ते जास्तीचे म्हणून उभे असतात, आणि ते मागायला कुणी आलं नाही म्हणून तसेच पडून राहतात.

मग ‘सक्सेसफुल’ आलं कुठून? तुमची बँक आणि मशीनवाली बँक यांच्यात नॅशनल फायनान्शियल स्विच नावाचं जाळं आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ते चालवतं. त्या जाळ्यावर तुमच्या व्यवहाराला ‘मंजूर’ असा कोड पडला आणि उलटा निरोप आला नाही, तर यादीत तो यशस्वी दिसतो. एवढंच. कुणी पेटी उघडून नोटा मोजल्या असा त्याचा अर्थ होत नाही. तुमची बँक तक्रार आल्यावर दुसऱ्या बँकेवर दावा टाकते, त्याला चार्जबॅक म्हणतात. दुसरी बँक आपले कागद जोडून तो फेटाळते, ते रिप्रेझेंटमेंट. तुमच्या शाखेने पडद्यावर जे पाहिलं ते बहुधा हेच, आणि त्यांनी तिथेच विषय मिटवला. पण त्यापुढेही पायऱ्या आहेत : प्री-आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाआधीची फेरी, मग आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद. या पायऱ्या फक्त तुमची बँक चढू शकते. प्रत्येक पायरीला मुदत असते, म्हणून आता एक आठवडासुद्धा घालवू नका.

यावरून दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ‘आता त्यांनाच विचारा’ हे उत्तर चूक आहे. कार्ड ज्या बँकेने दिलं, तक्रार तिथेच करायची आणि ती तिनेच निस्तरायची. मशीन कुणाचंही असो. रिझर्व्ह बँकेची ही भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. एसटी स्टँडजवळच्या बँकेने तुम्हाला परत पाठवलं ते ऐकायला कठोर वाटलं असेल, पण त्यांना खरोखरच तुमच्या खात्याला हात लावता येत नाही. तुमच्या बँकेला येतो. तिथेच ठाण मांडा.

आजवर तुम्ही शाखेत गेलात, बोललात, परत आलात. कागदावर यातलं काहीच नाही. पुढच्या कुठल्याही ठिकाणी दाद मागायची तर ‘बँकेकडे लेखी तक्रार केली होती का’ हा पहिला प्रश्न येतो. म्हणून उद्या सकाळीच पासबुक भरून आणा. ३ तारखेच्या नोंदीसमोर एक बारा आकडी क्रमांक असतो, तो व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. तिथे नसेल तर खातेउताऱ्यावर मिळेल. मशीनवर त्याचा आयडी लिहिलेला असतो, जाता-येता तो टिपून घ्या. वजा झाल्याचा मेसेज मोबाइलमधून पुसू नका, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि मग अर्ज लिहा. मराठीत लिहा, चांगला चालतो. मी मसुदा देते, मोकळ्या जागा भरा :

‘प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. विषय : एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा झाल्याबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. … आहे. दि. ३ रोजी सायंकाळी … वाजता … बँकेच्या, कराड एसटी स्टँडजवळील एटीएममधून (मशीन आयडी …) मी रु. १०,००० काढण्याचा प्रयत्न केला. मशीनची झडप उघडली नाही व मला एकही नोट मिळाली नाही. तरीही माझ्या खात्यातून रु. १०,००० वजा झाले. व्यवहाराचा संदर्भ क्र. … . याबाबत मी दि. ४ रोजी व त्यानंतर आठवड्याने शाखेत समक्ष येऊन सांगितले होते. सदर व्यवहार यशस्वी झाल्याचे मला तोंडी सांगण्यात आले, ते मला मान्य नाही. कृपया हा दावा पुढे न्यावा व संबंधित बँकेकडून पुढील गोष्टी मागवून मला त्यांच्या प्रती द्याव्यात : सदर व्यवहाराचा इलेक्ट्रॉनिक जर्नल, त्या दिवसाचा व पुढील रोकड भरण्याच्या दिवसाचा रोकड ताळमेळ अहवाल, रिजेक्ट बिनमधील नोटांची मोजणी. तसेच सदर वेळेचे व त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे सीसीटीव्ही चित्रण जतन करून ठेवण्यास कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे मूळ रक्कम व विलंबाची भरपाई माझ्या खात्यात जमा करावी.’

खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसकट पोच घ्या. तक्रार क्रमांकही मागा. पोच देत नाही म्हणाले तर हुज्जत घालत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने शाखेच्या पत्त्यावर पाठवा आणि पोस्टाची पावती अर्जाला टाचून ठेवा. मुलीला सांगून बँकेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवरही हीच तक्रार नोंदवलीत तर दुधात साखर. तिथे तारीख आपोआप पडते आणि ती कुणाला नाकारता येत नाही.

अर्जात सीसीटीव्हीचं मुद्दाम घातलंय आणि ‘त्यानंतरच्या अर्ध्या तासाचं’ असंही. चित्रण कायम ठेवत नाहीत, काही दिवसांनी त्यावर नवं चढतं. आणखी एक शंका मनात आहे. झडपेच्या आतल्या बाजूला पट्टी किंवा चिकट काहीतरी लावून नोटा अडकवून ठेवण्याचा एक चोरीचा प्रकार आहे. मशीनला वाटतं झडपेपर्यंत दिले, ग्राहकाला काहीच मिळत नाही, ग्राहक वैतागून निघून जातो आणि मागून येऊन कुणीतरी पट्टी ओढून पैसे नेतं. अशा वेळी ईजेमध्येसुद्धा पैसे दिल्याची ओळ येऊ शकते आणि रोकडही जास्त निघत नाही. मग तुम्ही गेल्यावर त्या मशीनपाशी कोण आलं, काय केलं, हाच पुरावा. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. झडप मुळीच उघडली नाही म्हणता, तेव्हा नोट अडकण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण ईजे तुमच्या विरोधात निघाला तर तिथे थांबू नका. हे चित्रण मागा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. यापुढेही कधी खडखडाट होऊन पैसे आले नाहीत तर मशीनपासून लगेच हलू नका. झडपेच्या फटीत बोटाने चाचपून बघा, काही पट्टीसारखं लागतंय का ते पाहा, तिथूनच कार्डामागच्या नंबरला फोन लावा.

आता तुमच्या हक्काच्या पैशांबद्दल, जे शाखेत कुणीच सांगितलं नाही. ज्या परिपत्रकाचा उल्लेख अर्जात केलाय ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. त्यात म्हटलंय की एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत बँकेने ते आपण होऊन परत करायचे. कामकाजाचे दिवस नव्हेत, कॅलेंडरचे दिवस. त्यात रविवार, सणवार सगळं आलं. पाच दिवसांत नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. तुमचा व्यवहार ३ तारखेचा, म्हणजे मुदत ८ तारखेला संपली. ९ पासून आज २९ पर्यंत एकवीस दिवस होतात. आजच्या घडीला तुमचे २,१०० रुपये भरपाईचे झालेत आणि ते रोज वाढतायत. व्यवहार फसला होता हे मान्य झालं की ही भरपाई त्याबरोबर यायलाच हवी. २०११ च्या जुन्या नियमात कामकाजाचे सात दिवस होते आणि भरपाई हवी तर तीस दिवसांत तक्रार करावी लागे. बऱ्याच शाखांमध्ये अजून तोच ‘आठवडाभर थांबा’ मुरलेला आहे. तुम्हाला तेच ऐकवलं गेलं आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्या आठवड्यात दावा पुढे सरकला असता.

हाच पाच दिवसांचा नियम मायक्रो-एटीएमलाही आहे. अंगणवाडीत येणाऱ्या बायकांना हे जरूर सांगा. गावात बँक मित्राकडे छोट्या यंत्रावर पैसे काढताना यंत्र ‘फेल’ दाखवतं आणि खात्यातून मात्र रक्कम गेलेली असते, असं त्यांच्याही बाबतीत होतं. त्यांनीही आपल्याच बँकेत लेखी तक्रार द्यायची.

लेखी तक्रारीनंतर बँकेला तीस दिवस आहेत. तेवढ्यात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे, म्हणजे कुठलं कार्यालय आपलं हे शोधत बसावं लागत नाही. फी नाही, वकील नाही. तक्रार ऑनलाइन करायची असेल तर पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. हाताने लिहिलेला कागद पाठवायचा असेल तर भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७, इथे सगळ्या देशाच्या तक्रारी जमा होतात, आणि तिथेही मराठी चालतं. काही अडलं तर १४४४८ या मोफत क्रमांकावर मराठीतून माहिती मिळते. बरोबर अर्जाची पोच, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आणि बँकेचं उत्तर जोडा. माझा अनुभव असा, की लोकपालाकडून विचारणा आली की तेच कागद, जे ‘मिळत नाहीत’ म्हणून सांगितलं जात होतं, ते पटापट टेबलावर येतात. म्हणून शाखेतल्या लोकांविरुद्ध लेखी तक्रार कशाला करायची असा संकोच करू नका. शाखेतल्या चांगल्या माणसालासुद्धा वरच्या कार्यालयाकडे पाठपुरावा करायला असा कागद हाताशी लागतो.

तुमची बँक राष्ट्रीयीकृत आहे, त्यामुळे आणखी एक वाट मोकळी आहे. माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून बँकेच्या माहिती अधिकाऱ्याला विचारा : माझ्या तक्रारीवर तुम्ही दुसऱ्या बँकेकडे दावा कधी टाकला, त्यांनी काय उत्तर दिलं, सोबत कुठले कागद जोडले, आणि तुम्ही तो दावा पुढे का नेला नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वतःच्याच खात्याची माहिती असल्यामुळे ‘ही त्रयस्थाची माहिती आहे’ असं सांगून टाळता येत नाही. लोकपालाचं प्रकरण चालू असतानाही हे करता येतं.

त्याहीपुढे साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. फक्त आयोगात आणि लोकपालाकडे एकाच वेळी जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. माझ्या मते तुमचं प्रकरण लोकपालापर्यंतही जाणार नाही, लेखी अर्ज आणि त्यातली ती कागदांची यादी यावरच हलेल.

तुमच्या मिस्टरांनाही हे पत्र वाचायला द्या. ते काळजीपोटीच म्हणत असतील, तुमच्या हेलपाट्यांचा त्रास त्यांना बघवत नसेल. पण ‘बँकेशी भांडून कोण जिंकलंय’ असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोर्टकचेरी असते. इथे भांडण नाहीच. बँकेने स्वतःच्या नियमाप्रमाणे आणि रिझर्व्ह बँकेच्या हुकमाप्रमाणे हिशेब तपासायचा आहे, आणि तुम्ही तो तपासा एवढंच म्हणताय. अंगणवाडी सेविकेच्या मानधनातले दहा हजार म्हणजे काय, हे मला माहीत आहे. ते सोडून द्यायची रक्कम नाही.

वसतिगृहाच्या फीची मुदत टळत असेल तर अर्जाची पोच घेतलेली प्रत कॉलेजच्या कार्यालयात दाखवा आणि थोडी सवलत मागा. बँकेचा शिक्का असलेला कागद दिसला की नुसत्या तोंडी विनंतीपेक्षा त्यांनाही निर्णय घेणं सोपं जातं. सावकारी कर्ज किंवा मोबाइलवरची झटपट कर्जं या दहा हजारांसाठी काढू नका.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की पासबुक भरून दोन नोंदी वेगवेगळ्या शोधा : एक १०,००० ची आणि दुसरी भरपाईची. नुसते दहा हजार आले असतील तर बँक भरपाई विसरली असं समजा आणि जमा झाल्याच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजून तेवढ्याची मागणी त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा लेखी करा. त्या महिन्याचं एटीएमचं शुल्कही बघून घ्या. फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्येच सांगितलेलं आहे. तो धरून तुमच्याकडून जादाचे पैसे कापले असतील तर तेही त्याच अर्जात मागून घ्या.